दादाच्या डस्ट कलेक्टरसाठी प्रिन्स जॉर्जहून पत्र

प्रिन्स जॉर्ज, ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा
जानेवारी

तीर्थस्वरूप दादास,
साष्टांग नमस्कार.

तू पाठवलेले व्हिडिओ बघितले. शेडच्या मागे डस्ट कलेक्टर, म्हणजे मशिनांचा भुसा ओढून कापडी पिशव्यांत गाळणारा डबा, उभा राहिला हे फार चांगलं झालं. पॅनेल सॉचा भुसा पोत्यात भरून भरून तुझी छाती भरली होती, आई दर फोनला तेच सांगायची. जुना घेतलास त्याला हरकत नाही. पत्रा जाड दिसतो, ब्लोअरही दणकट आहे. पण "एक पंखा आणि चार पिशव्या, त्यात सांभाळायचं काय?" असं तू विचारलंस, त्याचं उत्तर त्या गोंगाटात देता आलं नाही. म्हणून सविस्तर लिहितोय. वाचून झालं की सुपरवायझरलाही दे.

सगळ्यात तातडीचं आधी. दुसऱ्या व्हिडिओत कलेक्टरच्या अंगावर एक चौकोनी पातळ पत्रा दिसतो आणि त्यावर मागच्या मालकाने आडवी अँगल पट्टी वेल्ड केलेली आहे. बहुतेक खडखडत असेल म्हणून. तो पत्रा म्हणजे एक्सप्लोजन व्हेंट. आत भडका झालाच तर तो आधी फाटावा आणि दाब मोकळ्यावर निघून जावा, म्हणून मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. पट्टी मारल्यावर तो फाटणार नाही. मग सगळी पेटीच फुटेल. पट्टी काढायला लगेच ग्राइंडर मात्र लावू नकोस. आधी हॉपर (खालचं भुसा पडायचं नरसाळं), पिशव्या, डक्ट (हवेची नळकांडी) सगळं रिकामं आणि साफ करून घे आणि मगच ठिणगीचं काम. शक्य असेल तर व्हेंटचं पॅनेलच नवीन घे. दुसरं, त्या पत्र्यासमोर पोरांच्या मोटारसायकली लागल्यात आणि सावली आहे म्हणून दोघे तिथे डबा खात बसलेत. ती जागा आजच मोकळी कर आणि साखळी लाव. व्हेंट उघडला तर आगीचा लोळ थेट त्याच जागेवर येतो.

भुसा फुटतो यावर तुझा विश्वास बसत नसेल. ओंडका पेटवायला चुलीशी अर्धा तास बसावं लागतं, पण सुक्या बारीक भुशाची मूठ जाळावर उधळली की भपकन भडका उडतो. तोच भुसा बंद पेटीत हवेत तरंगत असला आणि एक ठिणगी पडली, तर भडक्याला जायला वाट नसते. डस्ट कलेक्टरमध्ये बारीक धूळ, हवा, बंदिस्त जागा या तिन्ही गोष्टी कायमच्या हजर असतात. दर काही सेकंदांनी पल्सिंग होऊन, म्हणजे दाबाच्या हवेचा झटका बसून, धूळ पिशव्यांवरून झडते आणि हवेत मिसळते, ते चौथं. राहिली फक्त ठिणगी. शेडमधली धूळ हा डबा नाहीशी करत नाही, ती सगळी एका जागी आणून ठेवतो. म्हणून सगळ्या मशिनांत जास्त लक्ष त्याच्याकडे द्यायचं, आणि नेमका तो शेडच्या मागे, कुणाच्या नजरेत नसतो.

आमच्या गावात हे सांगावं लागत नाही. २० जानेवारी २०१२ ला इथून पश्चिमेला बर्न्स लेकची बाबीन सॉमिल फुटली. दोन माणसं गेली, वीस जखमी झाली. तीनच महिन्यांनी, २३ एप्रिलला, आमच्या प्रिन्स जॉर्जमधली लेकलँड मिल रात्रपाळीत उडाली. तिथेही दोघे गेले, बावीस जण भाजले-जखमी झाले. त्या काळात इथल्या मिलांत पाइन बीटल नावाच्या भुंगेऱ्याने मारलेल्या झाडांचं लाकूड येत होतं. उभ्याउभ्या वाळलेलं, त्यामुळे धूळ कोरडी आणि पिठासारखी बारीक. त्यात हिवाळ्यात थंडीमुळे दारं-खिडक्या बंद. आजही आमच्या पाळीत वयस्कर माणसं आहेत, ती तुळईवर बोट फिरवल्याशिवाय काम सुरू करत नाहीत.

तू म्हणशील, हे तिकडच्या वाळक्या लाकडाचं. आपल्या ऊसपट्ट्यातल्या माणसाला तर हे माहीत असायलाच हवं, कारण साखरही पेटते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ इथे ७ फेब्रुवारी २००८ ला साखर रिफायनरीत स्फोट झाला, चौदा माणसं गेली. पहिला स्फोट सायलोंखालच्या कन्व्हेयरमध्ये झाला. त्या कन्व्हेयरवर आदल्या वर्षीच पत्र्याचं आवरण घातलं होतं, पण आतली धूळ ओढून घ्यायची सोय केली नव्हती. पहिल्या हादऱ्याने इमारतभर तुळयांवर, पाइपांवर साचलेली साखरेची भुकटी खाली आली आणि पुढचे स्फोट त्या भुकटीचे झाले. बहुतेक वेळा माणसं मारतो तो हा दुसरा स्फोट. म्हणून कलेक्टर बसवला तरी वरच्या तुळया, लाइटच्या पट्ट्या, केबल ट्रे साफ झालेच पाहिजेत. लाकडाच्या धुळीसाठी इथे साधारण तीन मिलिमीटरच्या थरावर धोक्याची रेघ मारतात. आणि एअरगनने फुंकून साफसफाई बंद कर. ती साफसफाई नाहीच, धूळ उडवून दुसरीकडे बसवणं आहे. व्हॅक्यूम घे, नाहीतर मशीन बंद करून मऊ झाडूने सावकाश.

आता तुझं रोजचं काम. तिसऱ्या व्हिडिओत कलेक्टरच्या बाजूला गोल घड्याळासारखं मॅग्नेहेलिक गेज आहे, काटा शून्यावर. मागे नीट बघ, एक नळी निसटून लोंबकळतेय. ती जोड. पिशव्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूच्या दाबातला फरक तो काटा दाखवतो, आणि डबा उघडल्याशिवाय आतलं समजायचं तेवढं एकच साधन तुझ्याकडे आहे. नव्या पिशव्यांवर पंचवीस-पन्नास मिलिमीटर पाणी (हे दाबाचंच माप) दिसेल. रुळल्यावर शंभर ते दीडशेच्या आसपास राहिला की चांगलं. चढत चालला तर पिशव्या चोंदल्या, नाहीतर पल्सिंग बिघडलं. एकदम खाली आला तर खुश होऊ नकोस, एखादी पिशवी फाटली किंवा केजवरून, म्हणजे आतल्या तारेच्या सांगाड्यावरून, निसटली असेल. रोज सकाळी आकडा वहीत लिहायला लाव. एका दिवसाच्या आकड्याने काही कळत नाही, पंधरवड्याचा कल बघितला की कळतं.

पिशवी फाटली आणि कोणती ते सापडत नसेल, तर आम्ही करतो ती युक्ती सांगतो. चमकणारी फ्लुरोसंट पूड डक्टमध्ये सोडायची, पंखा थोडा वेळ चालवायचा आणि मग बंद करून, स्विच लॉक करून, वरचं झाकण उघडून अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारायचा. गळकी पिशवी तोंडाशी हिरवी चमकते. शिवण उसवलेली, कॉलर नीट न बसलेली, सगळं दिसतं. दिवसाढवळ्या तासभर डोळे फोडूनही जे सापडत नाही ते पाच मिनिटांत सापडतं.

पल्सिंगची हवा पाच-सहा किलो दाबावर ठेव, जास्त नको. जास्त दाबाने पिशव्या स्वच्छ होतात हा गैरसमज आहे. पिशवीवर धुळीचा पातळ थर लागतोच, खरी गाळणी तोच करतो. तो पुन्हापुन्हा उडवलास तर बारीक धूळ पार जाते आणि कापडही लवकर जातं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हवा कोरडी पाहिजे. आमच्याकडे उणे तीसला पाइपातलं पाणी गोठतं आणि पल्सिंगच्या व्हॉल्व्हचे पडदे (डायफ्रॅम) आखडतात, म्हणून एअर ड्रायरवर सगळ्यांचा डोळा असतो. तुझ्याकडे जून ते सप्टेंबर तेच पाणी दुसऱ्या वाटेने त्रास देईल, एमडीएफची धूळ पिशव्यांवर लापशीसारखी बसेल. कॉम्प्रेसरची टाकी रोज ड्रेन कर, ड्रायर बसव. मी पैसे पाठवतो, त्यावरून वाद घालू नकोस.

चालू करताना आधी कलेक्टर, मग मशिनं. बंद करताना आधी मशिनं, मग पंखा, आणि पंखा थांबल्यावरही पल्सिंग दहा-पंधरा मिनिटं चालू राहू दे. रात्री हॉपर रिकामा करूनच कुलूप लाव. हॉपर म्हणजे साठवणीची कोठी नव्हे. भुसा पिशव्यांपर्यंत चढला आणि त्यात एखादी धुमसती ढलपी दडली, तर पहाटे काय होईल सांगता येत नाही.

आणि महावितरणचं लाइनचं काम झालं की दर वेळी पंख्याची दिशा तपास. फेज उलटली तरी सेंट्रिफ्युगल पंखा हवा ओढतच राहतो, फक्त बरीच कमी. त्यामुळे लोकांना पत्ता लागत नाही आणि ते पिशव्यांना शिव्या देत बसतात. ओढ कमी झाली की भुसा डक्टमध्येच बसतो. लाकडाच्या भुशाला सेकंदाला वीस मीटरच्या आसपास वेग लागतो. म्हणूनच नवीन मशीन आलं की उगाच एक फाटा काढून जोडायचं नाही, ओढ वाटली जाते.

त्या सँडरला तू पांढरा पीव्हीसी पाइप लावलायस. तो काढ आणि जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा) लाव, प्रत्येक जोडावर तांब्याची पट्टी आणि शेवटी अर्थिंग. पिशव्याही अँटिस्टॅटिक कापडाच्या घे आणि त्यांची तार केजला नीट लागते ना बघ. स्लायडिंग शटरसाठी अॅल्युमिनियमचे प्रोफाइल कापतोस ते मशीन या लाइनला अजिबात जोडू नकोस, बेंच ग्राइंडर तर नाहीच नाही. चीनमध्ये कुनशानला २ ऑगस्ट २०१४ ला गाड्यांची चाकं पॉलिश करणारा कारखाना गेला. अॅल्युमिनियमच्या धुळीला ओल लागली, ती आपोआप तापली आणि सुरुवात डस्ट कलेक्टरमधूनच झाली. मृतांचा आकडा शेवटी १४६ वर गेला.

आता जे बोलायला मला जड जातंय ते. हॉपरवर हातोड्याचे खड्डे दिसले मला. म्हणजे जुन्या मालकाकडेही भुसा आत कमान धरून अडकायचा आणि माणसं बाहेरून ठोकायची. उद्या तुझ्याकडचं एखादं कामाचं पोरगं दार उघडून आत वाकेल, काठीने टोचेल आणि वरचा ढीग अंगावर येईल. आत शिरायचं नाही, वाकायचंही नाही. अडकत असेल तर व्हायब्रेटर बसव आणि ओल कुठून येते ते शोध. हॉपरखाली भुसा बाहेर सोडणाऱ्या रोटरी व्हॉल्व्हचं पातं हळू फिरतं म्हणून साधं वाटतं, पण बोट कोबीच्या पानासारखं कापतं. कुठलंही झाकण उघडण्याआधी मेन स्विच खाली, त्याला कुलूप, आणि किल्ली जो माणूस काम करतोय त्याच्याच खिशात. तुझ्याकडेही नाही. पंखा स्विच पडल्यावर बराच वेळ फिरत राहतो, तो पूर्ण थांबू दे. एअर हेडरमधला (पल्सिंगची हवा साठवणाऱ्या नळीतला) दाबही सोडून दे, नाहीतर तोंडाजवळ पल्स सुटतो. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही कलम ३६ आणि ३७ याच गोष्टींवर होती, ही काही गोऱ्यांची थेरं नाहीत.

जळका वास आला किंवा धूर दिसला तर दार उघडून बघायचं नाही. हे सगळ्यांना पाठ करून घे. दार उघडलं की हवा आत जाते, साचलेली धूळ उडते आणि आगीचा स्फोट होतो. पंखा बंद, पल्सिंग बंद, मशिनं बंद, माणसं बाहेर, १०१ ला फोन. कलेक्टर गेला तर जाऊ दे.

मास्कचं शेवटी, पण सोडू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली, नाकाचा आणि सायनसचा. पिशव्या बदलताना तोंडाला रुमाल बांधून चालणार नाही. फिल्टरचा हाफ मास्क मी येताना आणतो. पण तो दाढीवर बसत नाही, तेव्हा तुझ्या त्या मिशा-दाढीचा विचार कर. वहिनी खुश होतील.

व्हेंटचा जवळून फोटो, ब्लोअरची नेमप्लेट आणि गेजची नळी जोडल्यावरचा आकडा, एवढं रविवारपर्यंत पाठव. व्हेंटचं माप मिळालं की मी इथल्या आमच्या इंजिनिअरला विचारून कळवतो. आप्पांचं बीपीचं औषध संपत आलं असेल, ते आणून ठेव. आई-आप्पांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पिंट्याला आणि छोटीला आशीर्वाद.

तुझा धाकटा,
बाळू