दरमहा सोळा रुपये

संपादक महोदय,

१९०७ साली मिरजेचा विनायक पटवर्धन हा जेमतेम नऊ वर्षांचा मुलगा गायक विष्णु दिगंबर पलुस्करांकडे गाणे शिकायला थेट लाहोरला गेला. मिरजेच्या संस्थानिकांनी त्याला दरमहा १६ रुपये शिष्यवृत्ती दिली होती. पुढे याच विनायकबुवांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले आणि शिष्य घडवले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गायक अल्लादियाखाँना आणि चित्रकार आबालाल रहिमान यांना दरबारी आश्रय दिला.

आमचा खान्देश मात्र इंग्रजी मुलखातला जिल्हा. कलेक्टर कसला गाण्याला पैसे देतो! १९०६ साली जिल्ह्याचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग झाले, पण पोरांच्या गळ्याकडे बघणारा दरबार कुणाच्याच वाट्याला आला नाही. वहीगायन ही लोकगायनाची कला, आदिवासींच्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवात फुंकून वाजवली जाणारी वाळक्या भोपळ्याची पावरी, सारे लोकांनीच पदरमोड करून जपले.

आता संस्थानिक नाहीत, पण बाजार समित्या, पतपेढ्या, नगरपालिका आहेत. सत्काराच्या शाली-नारळाचा खर्च थोडा आवरून त्यांनी पावरी शिकणाऱ्या दोन-चार पोरांना दरमहा पैसे द्यावेत. वाजवणाऱ्या म्हाताऱ्यालाही शिकवण्याचे मानधन द्यावे. आणि हो, अर्जासोबत दहा दाखले मागू नयेत.

— एक वाचक, साक्री (जि. धुळे)