मामा, चकचकीत करून दिलं नाहीत त्याबद्दल

आदरणीय मामा,
सा. न. वि. वि.

"काम झालं, आता पत्र कसलं लिहितोस?" असं तुम्ही म्हणणार, माहीत आहे. पण परवा मोनो, म्हणजे गाडीच्या जाळीवर लावायचं चिन्ह, घ्यायला आलो तेव्हा तुमच्या पॉलिशच्या शेडमध्ये तीन बफ (चमक काढायची फिरती चाकं) एकदम चालू होते. मी जे बोललो त्यातलं निम्मं तुम्हाला ऐकूच गेलं नाही. तुम्ही मान हलवलीत आणि "चहा घे" म्हणालात. म्हणून लिहितोय. सगळ्यांदेखत लिहितोय, कारण सिग्नलला गाडी थांबली की कोण ना कोण विचारतंच, "मोनो कुठनं केलास?"

वाचणाऱ्यांना थोडं मागचं सांगतो. गाडी वडिलांची, जुनी पिकअप. चौदा वर्षं मार्केट यार्डात भाजी ओढली तिनं. आता आमच्या रोपवाटिकेची रोपं पोचवते आणि जाता जाता पाटीचंही काम करते, म्हणून यंदा तिला नीट सजवायला काढली. रंग मला मिलिटरी हिरवा पाहिजे होता. पेंटरनंच अडवलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. मग गडद निळा दिला, आरसी बुकात तशी नोंद करून घेतली. बुलगार्डचा, म्हणजे पुढच्या लोखंडी कठड्याचा, हट्टही सोडला, त्यावर २०१७ पासून बंदी आहे. राहता राहिली पुढची जाळी आणि तिच्यावरचा मोनो.

पहिला मोनो मी दुसरीकडं करून घेतला होता. कुठं ते सांगत नाही. प्लॅस्टिकचा, वर क्रोम. त्या गुळगुळीत क्रोमवरच त्यांनी सोनेरी रंग मारला, ना खाली घासलं, ना प्रायमर. दीड महिन्यात सर्व्हिसिंगला प्रेशरचं पाणी लागलं आणि रंग कांद्याच्या सालीसारखा सुटून आला.

मग ठरवलं, करायचा तर आपला करू. आमचे आजोबा बैलांना पत्र्या, म्हणजे खुराचे नाल, मारायचे. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या लागतात. शेजारी शेजारी ठेवल्या की दोन अर्धचंद्र समोरासमोर बसल्यासारखे दिसतात. तोच आकार पितळेत ओतून घेतला. कोल्हापुरात, आमच्या उद्यमनगरात ओतकाम करणारा शोधावा लागत नाही, चुकवावा लागतो. वजन भरलं ४३० ग्रॅम. ते घेऊन तुमच्या दारात आलो आणि ऐटीत म्हणालो, "मामा, आरशासारखं क्रोम पायजे."

तुम्ही मोनो हातात घेऊन उलटासुलटा केलात, अंगठा फिरवलात. "हितं खड्डा हाय. क्रोमनं झाकत न्हाई, उलट दाखवतंय." क्रोमचा थर किती असतो ते मला त्या दिवशी कळलं. शोभेच्या कामात मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) अर्ध्याहूनही कमी. आपण ज्याला क्रोमची चमक म्हणतो ती बरीचशी खालच्या निकेलची, आणि निकेलची चमक त्याच्या खालच्या घासकामाची. म्हणजे सगळी मेहनत दिसत नाही तिथं. (हे तुम्ही असं म्हणाला नव्हता. तुम्ही म्हणाला होता, "लेका, सगळं एमरीत हाय." एमरी म्हणजे घासायची खरखरीत पूड.)

दुसरा कोणी असता तर पैसे सांगून काम ठेवून घेतलं असतं. तुम्ही फळीवरून तीन पट्ट्या काढल्या: एक चकचकीत क्रोम, एक काळं क्रोम, एक सॅटिन, म्हणजे मंद, धुरकट चमकीची. म्हणालात, "तारेनं जाळीला बांध आणि चार दिवस फीर. शेडातल्या ट्यूबखाली सगळंच चांगलं दिसतंय."

फिरलो. एक दिवस तर रोपं पोचवायला गगनबावड्यापर्यंत, ५५ किलोमीटर, कळे गावाच्या पुढं श्रावणातली भुरभुर. मधे साळवणला चहाला थांबलो की गाडीपासून दहा पावलं मागं जाऊन बघायचो, चहावाला माझ्याकडं बघायचा. काळं क्रोम पहिल्यांदा बाद झालं. हातात घेतलं की राजबिंडं, पण काळ्या जाळीवर दहा पावलांवरून दिसेचना. चकचकीत पट्टीचा घोटाळा वेगळा. तिच्यात आभाळ दिसायचं, रस्ता दिसायचा, माझंच तोंड दिसायचं, पट्टीची कड काही दिसायची नाही. दुपारच्या उन्हात तर नुसता पांढरा ठिपका. सॅटिनवर उजेड पसरून पडतो, त्यामुळं ऊन, ढग, चिखल, कशातही तिची कड उठून दिसत होती. बोटांचे ठसे उमटतात तेवढं सोडलं तर तक्रार नाही.

पण खरं काम तुम्ही त्यानंतर केलंत. मी म्हटलं, सगळा मोनो सॅटिन करा. तुम्ही विचारलंत, "घरात वापरलेली पत्री हाय का एखादी?" माळ्यावर आजोबांच्या डब्यात सापडली. तुम्ही ती उजेडात तिरकी धरलीत. कडा आणि खिळ्यांची भोकं काळीकुट्ट, आणि जमिनीला घासणारी बाजू मात्र मऊ, धुरकट चांदीसारखी. तिच्यावर सगळे ओरखडे एकाच दिशेनं. "बैल चालतोय तिकडं," तुम्ही म्हणालात. मी ती पत्री लहानपणापासून बघत होतो मामा, आणि मला हे दिसलं नव्हतं.

तसाच केलात मोनो. वरचा माथा एमरीच्या पट्ट्यावर एकाच दिशेनं घासला, वरून खालपर्यंत. मग निकेल आणि त्यावर क्रोमचा नुसता हात, नाहीतर निकेल पिवळट पडतं. प्लेटिंग तुम्ही शेडात करत नाही, ज्यांच्याकडं क्रोमचं पाणी शुद्ध करायची सोय आहे त्यांच्याकडंच देता, म्हणून आठ दिवस जास्त लागले. पंचगंगेकाठच्या माणसानं त्यावर कुरकुर करू नये, तरी मी दोनदा फोन केला होता. माफ करा. कडा आणि भोकं नंतर खरखरीत करून, प्रायमर देऊन मॅट काळी केलीत. मी पावडर कोटिंगचं विचारलं तर म्हणालात, एवढ्याशा काळ्यासाठी आख्खा मोनो भट्टीत कशाला घालायचा.

बसवतानाही तुम्ही स्वतः वाकलात. एवढं वजन डबल टेपवर राहत नाही म्हणून मागून दोन स्टड आणि हादऱ्यानं सैल न होणारे नायलॉक नट. पितळ आणि जाळीमागची लोखंडी पट्टी एकमेकांना टेकू नयेत म्हणून मधे नायलॉनचे वायसर, नाहीतर पावसात लोखंड गंजतं. आणि शेवटी मला बाजूला सारून रेडिएटरला वारा पुरतोय का ते हात घालून बघितलंत.

पैसे मात्र घासकामाचेच घेतलेत. पट्ट्यांचे, चार दिवसांच्या सल्ल्याचे काही नाहीत. विचारलं तर म्हणालात, "पट्ट्या परत आण म्हंजे झालं." आणतो शनिवारी.

आजोबांची पत्री तुमच्याकडंच राहिली आहे, बफच्या शेजारी खिळ्याला. ती विसरलेली नाही. तिथंच असू द्या.

आपला,
निळ्या पिकअपवाला