शाळकरी खेळाडूंचे गुडघे

महोदय,

हिवाळ्यात नागपुरातील मैदानांवर कबड्डी, खो-खो आणि व्हॉलीबॉलच्या स्पर्धांना ऊत येतो आणि त्याबरोबर शाळकरी खेळाडूंची गुडघेदुखीही डोके वर काढते. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो उंचवटा असतो, तेथे बोट दाबताच मूल कळवळत असेल, तर ते सरावातून सुटण्याचे निमित्त समजू नये. साधारण 10 ते 15 या वयात हाडे झपाट्याने वाढत असताना, धावण्या-उड्या मारण्याचा ताण मांडीच्या स्नायूंमार्फत नेमका तेथे पडतो. ‘ऑसगुड-श्लॅटर’ या नावाने ओळखला जाणारा हा त्रास बहुधा वाढ पूर्ण होताच थांबतो, मात्र तोवर सराव बेताचा ठेवावा लागतो. खेळानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ आणि मांडीच्या स्नायूंचे नियमित व्यायाम उपयोगी पडतात. वेदनाशामक गोळी देऊन मुलाला अंतिम सामन्यात उतरवणे मात्र (आणि हे सर्रास चालते) अक्षम्य आहे. गुडघा सुजला, अडकला किंवा पायावर भार पेलवेनासा झाला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना तातडीने दाखवावे. स्पर्धांच्या आयोजकांनी एकाच मुलाला दिवसात लागोपाठ सामने खेळावे लागणार नाहीत, असे वेळापत्रक आखावे, ही विनंती.

— एक पालक, महाल, नागपूर