दशांश कशातून काढायचा

प्रिय बाळा,
प्रभूमध्ये सलाम.

पहिला पगार झाल्याचं सांगितलंस आणि लगेच विचारलंस, ‘बाबा, देवासाठी द्यायचा मिळकतीचा दहावा भाग, म्हणजे दशांश, कर कापायच्या आधीच्या रकमेवर काढायचा की हातात येते तिच्यावर?’ फोनवर मी ‘बघू’ म्हणून वेळ मारून नेली. हाच प्रश्न मी तुझ्या वयात विचारला होता. उत्तर ठाम मिळालं: आधीच्या रकमेवर. ते मी वर्षानुवर्षं पाळलं. त्यातल्या एका महिन्याबद्दल तुला कधी सांगितलं नाही.

माझं काम सुटलं होतं, घर उसनवारीवर चाललं होतं. त्या उसन्या पैशांतूनही मी दहावा हिस्सा मोजून पाकिटात घातला. तुझी आजी दारात उभी होती, हातात औषधाची रिकामी बाटली. ‘पुढच्या आठवड्यात आणतो,’ म्हणालो आणि पाकिटाची कड जिभेने ओली करून ते चिकटवलं. ती काही बोलली नाही. त्या डिंकाची चव मला अजून आठवते.

भीती होती बायबलमधल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायाची. दशांश न देणारा देवाला लुटतो, देणाऱ्यावर आशीर्वादाची आकाशकपाटे उघडतात. खरं सांगू? मी देत नव्हतोच, गुंतवत होतो.

पुढे मार्काच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय वाचताना ‘कुर्बान’ या शब्दापाशी थांबलो. आईबापांच्या हक्काचं जे, ते देवाला अर्पण केलंय असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशूने तिथे चांगलंच सुनावलंय. ते पान मी बरेच दिवस उलटलं नाही.

मग मोशेचं नियमशास्त्र, बायबलमधली पहिली पाच पुस्तकं, नीट वाचलं. लेव्यांना, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या इस्राएलातल्या वंशाला, जमिनीचा वाटा नव्हता, म्हणून इतरांच्या धान्याचा आणि गुराढोरांचा दहावा भाग त्यांच्या पोटासाठी. त्यांनीही मिळालेल्यातला दहावा पुढे द्यायचा. मलाखीतल्या भांडारातही अन्नच साठवायचं होतं. त्यांतल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात तर दशांश घेऊन जा, देवासमोर घरच्यांसह खा, आनंद करा, असं लिहिलंय! मी दोनदा वाचून खात्री केली. तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा: लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. पगाराच्या कागदावर कुठली ओळ धरायची, हा प्रश्न तिथे कुणाच्या डोक्यातही नव्हता.

सक्ती पुढे आली. 585 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या माकोनच्या धर्मसभेने दशांश न देणाऱ्याला मंडळीबाहेर काढायचं ठरवलं, फ्रँकांचा राजा शार्लमेनने 779 मध्ये त्याला राजाज्ञेचं बळ दिलं. फ्रान्समध्ये तो 1789 च्या क्रांतीत गेला. प्रेषित पौलाने मात्र करिंथ शहरातल्या मंडळीकडे यरुशलेमेतल्या गरिबांसाठी मदत मागताना आकडा सांगितलाच नाही. ज्याने त्याने मनात ठरवावं, कुरकुरत किंवा द्यावं लागतं म्हणून देऊ नये, एवढंच.

दशांश मानणाऱ्यांच्या बाजूनेही एक आहे. पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दहावा भाग मोजून न्याय आणि दया विसरणाऱ्यांवर येशू चिडला, पण ते मोजणं सोडा असं म्हणाला नाही. आणि ‘मनात ठरवावं’ हे शब्द कंजुषाला फार सोयीचे पडतात. मीही ते तसे वापरलेत. श्रीमंत जकातदार जक्कयाने मनात ठरवलं ते अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं. मंदिराच्या पेटीत गरीब विधवेने टाकलेल्या त्या दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, तर तिची सगळी उपजीविका होती.

तर माझं मत असं: दहा टक्क्यांपासून सुरू कर, हातात येणाऱ्या रकमेवर. सवय लागायला आकडा बरा असतो. कुणाचं देणं थकलं असेल त्या महिन्यात आधी ते फेड आणि अपराधी वाटून घेऊ नकोस. सगळं मंडळीच्याच पेटीत गेलं पाहिजे असंही नाही. पेटीत टाकशील त्याचा हिशेब मात्र विचार. पैसे पोचवताना कुणी बोट दाखवू नये म्हणून पौलाने सोबत माणसं धाडली होती, तेव्हा तू विचारलंस तर कुणी रागावायचं कारण नाही.

आईचं पत्र वेगळं येईल, तिचं मत माझ्याहून कडक आहे.

तुझा,
बाबा