दुसरं जहाज

पुणे, रविवार रात्र

प्रिय दिग्या,

परवा रात्री तुला व्हॉट्सअ‍ॅपवर जे पाठवलं, ते उघडायच्या आधी हे वाच. उघडलं असशील तर हे लगेच वाच. त्या मेसेजपुढे अजून एकच टिक आहे, म्हणजे तुमचं जहाज रेंजच्या बाहेर आहे आणि मला थोडा अवधी आहे. पुसून टाकता आला असता. पण 'हा मेसेज डिलीट केला आहे' एवढी ओळ बघून तू त्याहून भयंकर काहीतरी मनात आणलं असतंस, तुला मी ओळखतो. म्हणून हे जहाजाच्या ई-मेलवर पाठवतोय.

जमिनीचं बोलतो शेवटी. आधी कालची गंमत ऐक.

काल रात्री सईने मला एक जपानी सिनेमा दाखवला. दाखवला म्हणजे, मी तुझ्यावरच्या रागात हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होतो आणि तिने दंडाला धरून खाली बसवलं. जिबली या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा, 2011 सालचा, 'फ्रॉम अप ऑन पॉपी हिल'. दिग्दर्शक गोरो मियाझाकी, पटकथेत वडिलांचा, हायाओंचा, हात. हायस्कूलमधलं प्रेम म्हटल्यावर मी नाक मुरडूनच बसलो होतो. पहिल्या पाच मिनिटांत काय, तर उमी नावाची मुलगी सकाळी उठते, गादी आवरते, भात लावते, वडिलांच्या फोटोपुढे फुलं-पाणी ठेवते आणि अंगणातल्या काठीवर दोन बावटे चढवते. घर योकोहामाच्या टेकडीवर, खाली बंदर. साल 1963, टोकियोचं ऑलिंपिक वर्षावर आलेलं. वडील कोरियन युद्धात रसद नेणाऱ्या जहाजावर होते. ते जहाज सुरुंगावर गेलं. तरी पोरीने बावटे चढवायचं सोडलेलं नाही. एक यू, त्याच्याखाली डब्ल्यू. तू इंजिनवाला, तुला बावट्यांची लिपी येत नसणार, पण ब्रिजवरच्या, म्हणजे वर जहाज हाकतात तिथल्या, कोणालाही विचार. अर्थ असा की तुमचा प्रवास सुखाचा होवो.

आता खरी गंमत. शुन नावाचा तिच्याच शाळेतला मुलगा वडिलांच्या टगवरून, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटीवरून, शाळेला येताना तिचे बावटे बघतो आणि टगवर बावटे चढवून उत्तर देतो. रोज. पण तिच्या अंगणातून टग दिसतच नाही! वरच्या मजल्यावर राहणाऱ्या चित्रकार बाईला दिसतो. तिच्या चित्रात बावटे लावलेला टग बघितल्यावर पोरीला कळतं की आपल्याला कोणीतरी उत्तर देत होतं. दिग्या, एवढ्या एका गोष्टीवर मी सिनेमाला शरण गेलो.

पुढे बरंच आहे. पोरांच्या मंडळांचा एक मोडकळीस आलेला वाडा, नाव लॅटिन क्वार्टर, तो पाडायचा की राखायचा यावरून शाळेत सभा. अशी हमरीतुमरी, की आपल्या वसतिगृहाची मेस कमिटी आठवावी. शिक्षक येताहेत म्हटल्यावर सगळे लगेच साळसूदपणे एका सुरात गायला लागतात. मग गोष्ट हिंदी सिनेमाच्या वळणावर जाते. दोघांकडे एकच जुना फोटो आणि आपण बहीण-भाऊ तर नाही ना, अशी शंका. (मी हसलो. सईने उशी मारली.) खरं काय ते ठाऊक असलेला फोटोतला तिसरा माणूस एका जहाजाचा कॅप्टन, आणि ते जहाज आत्ता बंदर सोडणार. पोरं टेकडीवरून धावत सुटतात, वाटेत ट्रकवर चढतात, मग टग, आणि टगवरून जहाजावर.

तिथे मी ओरडलो, "मिटिलिनी!" सईला वाटलं मी शिवी दिली.

जुलैत तू एक फोटो पाठवला होतास. तुर्कस्तानातल्या दार्दानेल्स सामुद्रधुनीच्या वाटेवर, पहाटेचा, उजव्या हाताला राखी डोंगर, खाली लिहिलेलं 'लेस्बॉस'. मिटिलिनी हे शहर त्या ग्रीक बेटावर पलीकडच्या अंगाला आहे, तुर्कस्तानकडे तोंड करून, म्हणजे तुला ती दिसली नसणार. मूळ शहर मोठ्या बेटाला लागून असलेल्या एका लहानशा बेटावर होतं. मध्ये पाण्याचा चिंचोळा पट्टा, त्यावर पांढऱ्या दगडाचे पूल, पट्ट्याच्या दोन्ही टोकांना एकेक बंदर. आता तो पट्टा बुजलाय आणि बाजारपेठेचा एर्मू रस्ता साधारण त्याच्यावरून जातो. आवडत्या माणसाला नुसतं बघून जीभ अडखळते आणि कातडीखाली आग धावते असं लिहिणारी कवयित्री सॅफो याच बेटावरची, तीही साधारण सव्वीसशे वर्षांपूर्वी. हायस्कूलच्या पोरांना तेव्हापासून नवीन काही सुचलेलं नाही.

पण मला आठवलं ते इ.स.पू. 427 मधलं. मिटिलिनी अथेन्सची दोस्त. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातलं पेलोपोनेशियन युद्ध ऐन भरात असताना तिने उलट खाल्ली आणि स्पार्टाकडे वळली. स्पार्टाचं आरमार रमतगमत आलं, तोवर गावातलं धान्य संपलं आणि शहर शरण गेलं. अथेन्सच्या सभेत संताप इतका, की ठराव झाला, मिटिलिनीतले सगळे प्रौढ पुरुष ठार मारायचे, बायका-मुलं गुलाम करायची. हुकूम घेऊन एक जहाज लगेच रवानाही झालं. रात्र गेली. सकाळी लोकांना वाटायला लागलं, अख्ख्या शहराला? दोषी कोण, निर्दोष कोण काही न बघता? पुन्हा सभा. क्लिऑन नावाचा पुढारी म्हणाला ठराव बदलायचा नाही. डायोडोटस नावाचा एकजण, ज्याचं नाव या सभेखेरीज कुठे येत नाही, उठला. मला वाटायचं तो दयेची भीक मागेल. अजिबात नाही. त्याचं म्हणणं, त्यांनी गुन्हा केला की नाही हा प्रश्नच नाही, आपण आता काय केलं तर आपल्या फायद्याचं, तेवढं बघा. शरण आलं तरी मरायचंच हे कळलं, तर उद्या बंड करणारं कुठलंही शहर वेढ्यात शेवटपर्यंत लढेल, मग आपल्या हाती ढिगारा लागेल, त्याची खंडणी काय मिळणार? हात वर झाले. जवळजवळ बरोबरी. डायोडोटस निसटता जिंकला.

आता दुसरं जहाज सुटलं. पहिल्याला साधारण एक दिवस आणि एक रात्र आघाडी. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. ट्रायरीम म्हणजे 170 वल्हेकरी, तीन थरांत बसलेले. अथेन्समध्ये आलेल्या मिटिलिनीच्या दूतांनी त्यांना दारू आणि सातूचं पीठ दिलं आणि वेळेत पोचलात तर मोठं बक्षीस कबूल केलं. दारूत आणि तेलात मळलेलं सातूचं पीठ हे लोक वल्हं मारता मारता खात होते. झोपायचे ते आळीपाळीने, बाकीचे वल्हवत. वाऱ्याने आडवं यायचं टाळलं. आणि पहिल्या जहाजाला घाई नव्हती. तसलं काम घेऊन निघालेलं जहाज, कोण जीव तोडून वल्हवेल? तरी पोचलं तेच आधी. अथेन्सच्या पाकेस या सेनापतीने हुकूम वाचला होता, अंमल करायला निघाला होता, तेवढ्यात दुसरं बंदराला लागलं.

ही हकिकत लिहून ठेवणाऱ्या थ्युसिडिडीज या इतिहासकाराने सभेतली भाषणं पानंच्या पानं लिहिली, वल्हेकऱ्यांना जेमतेम एक परिच्छेद. एकाचंही नाव नाही. मला काल पहिल्यांदा वाटलं, अरे, शहर वाचवलं इंजिनरूमने. तुझ्या माणसांनी. वर ब्रिजवर ठराव होत राहतात.

तू विचारशीलच, म्हणून सांगतो, शेवट गोड नाही. बंडाचे पुढारी म्हणून हजाराहून जास्त लोक मारलेच, तेही क्लिऑनच्याच सूचनेवरून. गावाचे तट पाडले, जहाजं काढून घेतली. जमिनीचे 3000 तुकडे केले, त्यातले 300 देवांना, बाकीचे चिठ्ठ्या टाकून अथेन्सवाल्यांना. सातबारा अथेन्सकराच्या नावावर, नांगर मिटिलिनीकराच्या हातात, वर दरसाल खंड भरायचा. जपानी पोरांचं मात्र बरं झालं. कॅप्टन सगळं उलगडून सांगतो, भानगड नुसती कागदावरची निघते. मेलेल्या मित्राचं बाळ अनाथ होऊ नये म्हणून उमीच्या वडिलांनी ते स्वतःच्या नावावर नोंदवलेलं असतं.

तर जमीन. गुहागरचा तुझा हिस्सा तू मला न विचारता विकायला काढलास हे चुकलंच, आजही माझं मत तेच आहे. ते मला तुझ्याकडून कळायला हवं होतं, चहाच्या टपरीवर तिऱ्हाइताकडून नाही. पण परवाच्या मेसेजमध्ये मी तेवढ्यावर थांबलो नाही. वहिनींना त्यात ओढलं. 2009 साली दिलेल्या पैशांचा विषय काढला, जे तू कधीच फेडलेस, वर पेढे घेऊन आला होतास. आणि शेवटचं वाक्य तर... ते वाचलंस तर वाचलंस. ते मागे घेतो. जमिनीबद्दलचं मागे घेत नाही.

डायोडोटसच्या चालीने बघितलं तर हिशेब सोपा आहे. तो तुकडा कोणी तिसऱ्याने घेतला, तर मधल्या बांधावरून मी पुढची वीस वर्षं त्याच्याशी भांडणार, आणि तुझ्याशी जेवढ्या मजेत भांडतो तेवढ्या मजेत नाही. पैशाची नड असेल तर आकडा सांग, बघू काय जमतं. नड नसेल तर सही करू नकोस, साइन ऑफ होऊन येशील तेव्हा समोरासमोर शिव्या घालू. मी गाडीत डिझेल भरून ठेवतो.

हे पत्र बहुतेक परवाच्या मेसेजच्या आधीच तुझ्या हाती पडेल. वॉचची पाळी संपव, नीट जेव, मग उत्तर दे.

सई विचारतेय, तुमच्या ब्रिजवर यू आणि डब्ल्यूचे बावटे खरंच ठेवलेले असतात का? असतील तर फोटो काढून पाठव म्हणतेय. वर चढायचा कंटाळा करू नकोस.

तुझा,
अव्या