फुंकणीचा आकडा कळव

प्रिय सोन्या,

तू दार ओढून घेऊन गेलास त्याला आज सहा दिवस झाले. ताईला 'पोचलो' एवढा मेसेज केलास, तो तिने मला दाखवला. बरं वाटलं.

हे पत्र तुझ्या दम्याच्या पंपाबद्दल नाही, हे आधीच सांगते. त्यावरून आपलं जे झालं ते झालं. हे तुझ्या गोष्टीबद्दल आहे. ताईने सगळी छापून आणली, 214 पानं, आणि मी ती दोनदा वाचली. पहिल्यांदा आई म्हणून वाचली, त्यामुळे धड वाचलीच गेली नाही. दुसऱ्यांदा सावकाश वाचली. बाबांनीही वाचली. दोन रात्री त्यांच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत चालू होता. सकाळी मला एवढंच म्हणाले, "ह्याला लिहिता येतं गं." मग बराच वेळ पेपर उघडून नुसते बसले.

गावातली सगळी ज्याला काडी म्हणतात त्या तुझ्या पोराला शिळेपुढे उभं करतात, ते पहिलं प्रकरण. एकेक मुलगा हात ठेवतो, शिळेवर आकडा उमटतो, कुणाचा 40, कुणाचा 70. काडी हात ठेवतो आणि शिळा काळीच राहते. मागे कुणीतरी हसतं. तरी तो हात काढत नाही. उशिरा उमटेल म्हणून ठेवूनच राहतो. तिथे मी पान पालथं घातलं आणि उठून खिडकीशी गेले. मला ती शिळा ओळखू आली. ती आपली फुंकणी आहे, तुझ्या श्वासाचा जोर मोजायची.

लाल वही अजून माझ्या कपाटात आहे. तू नऊ वर्षांचा होतास तेव्हापासूनचे आकडे आहेत तीत, सकाळचे आणि रात्रीचे. उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटून एका दमात फुंकायचं. नळीवरची लाल खूण सरकायची आणि थांबायची. तीनदा फुंकायचं, तिन्हींतला मोठा आकडा लिहायचा. पहिल्या पानावर 150 आहे. खाली 140, परत 150, मग एका रात्री 90, आणि पुढचे चार दिवस कोरे आहेत, कारण आपण घरी नव्हतो. फुंकून झालं तरी तू ती हातातून ठेवायचा नाहीस. खूण अजून थोडी पुढे जाईल म्हणून टक लावून बघत बसायचास. शेवटच्या पानावर, तुला सतरा पूर्ण झाली त्या आठवड्यात, 480. तो आकडा माझ्या हातचा नाही. तू लिहिलास आणि भोवती पेनाने तीन वेळा गोल काढलास, पान फाटेपर्यंत.

म्हणून नवव्या प्रकरणात शिळा तडकते तेव्हा मला काय झालं ते मी लिहीत नाही. ते पान सुरेख उतरलंय. आधी आवाज नाही, नुसती एक बारीक रेघ, आणि मग सगळं गाव मागे सरकतं. मला वाटलं, हा माझा मुलगा.

पण पुढचं बोलू का? रागावू नकोस. पहिली आठ प्रकरणं त्याच्या प्रत्येक शक्तीला किंमत आहे. ठिणगी काढली की दोन दिवस बोटं बधिर. वारा बोलावला की कानातून रक्त. त्यामुळे त्याने नुसता हात उचलला तरी आपल्या पोटात गोळा येतो. दहाव्यापासून त्याला काही लागतच नाही. डोंगर सरकवतो आणि पुढच्या ओळीत चालायला लागतो. मला त्याची काळजी वाटायची थांबली, आणि काळजी थांबल्यावर मी पानं भराभर उलटायला लागले. दुबळ्याला बलाढ्य करताना ताकद वाढवत नेणं सोपं असणार. ती कुठे अडते हे दाखवण्यात खरी कसोटी आहे. ग्रीकांच्या अकिलीसचंच बघ. आईने त्याला नदीत बुडवलं तेव्हा त्याचं अंग अभेद्य झालं, फक्त जिथे तिने धरलं होतं ती टाच कोरडी राहिली. सगळे म्हणतात, टाच चुकली. मला आता त्यात तिची मूठच दिसते. सोडली असती तर सगळं अंग भिजलं असतं, पण पोर वाहून गेलं असतं.

आणि मग बाराव्या प्रकरणात तो कमरेची कुपी सोडतो, म्हातारीने दिलेली, आणि दरीत भिरकावतो. "आता मला हिची गरज नाही."

हे वाचून मी तुझा खण उघडला. उघडायला नको होता, कबूल आहे. पंप तिथेच होता. तपकिरी, रोजचा. 120 मात्रांचा असतो तो, आणि काउंटर 88 वर आहे. म्हणजे बत्तीस घेतल्या. दिवसाला चार धरल्या तर आठ दिवस. अडीच महिन्यांत आठ दिवस, सोन्या.

पंपाचं लिहिणार नव्हते. पण आता लिहिलंच आहे तर पुरतं लिहिते. तो तपकिरी पंप घेतल्यावर लगेच काही वाटत नाही, म्हणूनच तो फुकट वाटतो. त्याचं काम श्वासनळीची आतली सूज उतरवण्याचं, आणि ते व्हायला दिवस, कधी आठवडे लागतात. बंद केला तरी लगेच काही होत नाही. माणूस चार मजले चढतो, हसतो, खेळतो, आणि आत सूज हळूहळू परत धरत असते. निळा काही मिनिटांत नळी मोकळी करतो, पण आतल्या सुजेला तो हातही लावत नाही. डॉक्टरांनी तुला कागदावर दोन गोल काढून दाखवले होते, एक मोठा, एक बारीक. तो कागद तू वर्षभर दप्तरात ठेवला होतास. बरं वाटतं म्हणून सोडला, असं सगळे म्हणतात. अरे, बरं वाटतं ते त्याच्यामुळेच. आत्याचं तुला ठाऊक आहे, ते मी परत काढत नाही. पण तीही बरीच होती. त्या आठवड्यात तर गाणं म्हणत होती.

झालं बघ. परत व्याख्यान झालं. माफ कर. तू एकोणीस वर्षांचा आहेस आणि "मी आता तो मुलगा नाही" हे तू दारात म्हणालास ते खरंच आहे. मला ते लागलं, पण खोटं नव्हतं.

मला तो मुलगा आठवतो, त्याला मी काय करू? रात्री आडवं झालं की तुला दम लागायचा, म्हणून मी भिंतीला टेकून बसायची आणि तू माझ्या छातीला पाठ लावून. गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जायचा. तो मला हाताला कळायचा, दिवा लावायची गरज नसायची. आणि तुला एकच गोष्ट लागायची, भीमाची. दुर्योधनाने विष घातलं, वेलींनी बांधून गंगेत ढकललं, भीम थेट नागलोकात. तिथे रसाची कुंडं. एकेका कुंडात हजार हत्तींचं बळ. भीमाने किती प्यायली? आठ, तू म्हणायचास. एका शब्दात, कारण दोन शब्दांएवढा श्वास नसायचा. मग भीम आठ दिवस झोपला, आणि उठला तो दहा हजार हत्तींचं बळ घेऊन. इथपर्यंत येता येता तुझी मान माझ्या खांद्यावर कलंडायची.

मी तुला वरचं कधी सांगितलं नाही. भीम खाली झोपला होता ते आठ दिवस कुंती वर होती. मुलं परत आली, त्यात भीम नाही. तिने युधिष्ठिराला विचारलं, त्याला वाटलं होतं भीम पुढे घरी आला. मग विदुराला बोलावलं आणि म्हणाली, दुर्योधनाच्या मनात त्याच्याबद्दल काय आहे ते मला माहीत आहे. विदुर म्हणाला, हे बोलू नकोस, उरलेल्यांना जप, तो येईल. म्हणजे तिने तेही गिळलं. आणि भीम वर आल्यावर एवढं बळ घेऊन पहिल्यांदा कुठे गेला? आईकडे, धावत.

तुझ्या काडीची आई तिसऱ्या पानावर जाते. एका वाक्यात, तापाने. अशा गोष्टींत आईला आधी बाजूला करावं लागतं, नाहीतर मुलगा घराबाहेर पडायचा कसा, हे मला समजतं. ताईही तेच म्हणाली. तरी वाक्य लहान आहे रे.

आणि शाळेत तुला काडीपैलवान म्हणायचे हे मला 214 पानं वाचून कळलं. इतकी वर्षं तू ते घरी आणलं नाहीस. मी वहीत आकडे लिहीत होते आणि हे मला दिसलं नाही. त्याबद्दल माझ्याकडे शब्द नाहीत.

तुझ्या पलंगावरच्या भिंतीवर ते कात्रण अजून आहे. पॉला रॅडक्लिफ. कडेला तुझ्या अक्षरात लिहिलंय, लंडन मॅरेथॉन, 2003, 2 तास 15 मिनिटं 25 सेकंद. तो विक्रम 16 वर्षं कुणाही बाईला मोडता आला नव्हता. आणि तिला चौदाव्या वर्षापासून दमा आहे, पंप घेऊनच पळायची, हे मला तूच सांगितलंस, अकरा वर्षांचा असताना, एका दमात. सांगून झाल्यावर म्हणालास, "बघ, थांबलो नाही."

रविवारी ताई तिकडे येतेय. तिच्याबरोबर नवा पंप, निळाही, आणि फुंकणी पाठवतेय. तिच्यासमोर घ्यायला लावणार नाही, तिला तसं बजावलंय. तिला फक्त तेरावं प्रकरण दे, झालं असलं तर. नसलं तर आकडा कळव. तोही नको वाटला तर तिला 'पोचलं' एवढं म्हण, ती मला सांगेल.

एक विचारायचं राहिलं. काडी कुपी दरीत फेकतो, तो आवाज ऐकायलाही थांबत नाही आणि पुढे निघून जातो. ती तळाशी जाऊन फुटली की कुठे कपारीत अडकून राहिली, हे तू लिहिलेलं नाहीस. मी दोन्ही वेळा शोधलं.

तुझी,
आई