मातीविना शेती आणि सातबाऱ्याची अट : मंत्री महोदयांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात मला टपालाने एक पत्र मिळाले. "अर्जदाराच्या नावे किमान 10 गुंठे क्षेत्राचा सातबारा जोडलेला नाही, सबब प्रस्ताव अपात्र," एवढेच त्यात लिहिले आहे. हा प्रस्ताव दिव्यांगांसाठीच्या योजनेतून हायड्रोपोनिक्सच्या, म्हणजे मातीविना पाण्यावर पीक घेण्याच्या, संचासाठी होता, आणि तो संच तालुक्याच्या दिव्यांग मेळाव्यात व्यासपीठावरून आम्हाला कबूल करण्यात आला होता. जी शेती मातीविना होते तिच्यासाठी जमिनीचा उतारा कशाला लागतो, हे मला आपल्याकडून समजून घ्यायचे आहे.

मी किल्लारी-सास्तूर पट्ट्यातली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गणपती विसर्जनाहून आलेली माणसे नुकतीच निजलेली असताना, भूकंपाने आमचे माळवद, म्हणजे घराचे मातीचे छत, आमच्यावर बसले. मी तेव्हा दहा वर्षांची होते. संध्याकाळी मला ढिगाऱ्यातून काढले, तेव्हा कमरेखालच्या अंगाला स्पर्श कळत नव्हता, तो आजही कळत नाही. पुढे वडील गेल्यावर वाटणीच्या वेळी हक्कसोडपत्रावर माझी सही घेतली गेली. "तू रानात जाऊन काय करणार?" असे विचारले गेले आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण पावसाळ्यात आमच्या काळ्या रानात धडधाकट माणसाचा पाय रुततो, तिथे व्हीलचेअरचे चाक कसे फिरणार? शेतकऱ्याच्या घरात जन्मून मी तीस वर्षे उंबऱ्याच्या आत तूर निवडली आणि शेंगा फोडल्या.

म्हणून त्या योजनेच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचे मोल मला विचारा. वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता, लिफ्ट नव्हती, आणि पोते उचलावे तसे दोघांनी मला रोज वर नेले. दिव्यांगांच्या प्रशिक्षणाची जागा ठरवताना जिन्याचा विचार कोणाच्याही मनात येऊ नये, याचे दुःख मी अजून विसरलेली नाही. पण तिथे मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताच्या उंचीवर उभे पीक पाहिले. पोषक द्रव्ये विरघळवलेले पाणी पाइपांतून फिरते, मुळे त्यातून अन्न घेतात; नांगरणी, खुरपणी नाही, वाकणे नाही. पाण्याचा सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान राखायचा, क्षारांचे प्रमाण मोजायचे आणि मुळांवर लक्ष ठेवायचे. ही कामे बसून, दोन हातांनी होतात. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरत असल्याने ते लागतेही थोडे. 12 एप्रिल 2016 रोजी ज्या लातुरात मिरजेहून रेल्वेने 5 लाख लिटर पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या भागात ही गोष्ट लहान नाही.

जो संच आम्हाला दाखवला त्यात दोष आहेत, तेही सांगते. त्याची मांडणी जमिनीपासून जेमतेम फूटभर उंच होती. व्हीलचेअरवर बसलेल्याचे गुडघे खाली जातील अशी ती टेबलाच्या उंचीची हवी. पाइपांमधला पाण्याचा थर पातळ असतो, त्यामुळे मोटर बंद पडली की उन्हाळ्यात काही तासांत मुळे सुकतात, आणि वीज कधी जाते हे आपल्यालाही ठाऊक आहे. आमच्याकडे पारा 42 अंशांवर जातो, पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो आणि मुळे कुजतात. म्हणून शेडनेट हवे, बॅटरी हवी, किंवा पाण्याच्या टाकीवर तरंगत्या फळीत रोपे लावण्याची पद्धत हवी. बोअरच्या पाण्यात क्षार फार असतात, त्यासाठी पावसाचे पाणी साठवायची सोय हवी. आणि लेट्यूस, म्हणजे सॅलडची पालेभाजी, आमच्या आठवडी बाजारात कोण घेणार? मेथी, पालक, कोथिंबीर द्या. मक्याचा चारा द्या : एक किलो मक्यापासून सात-आठ दिवसांत पाच-सहा किलो हिरवा चारा ट्रेमध्ये तयार होतो. मी स्वतः चार ट्रेमध्ये तो केला असून शेजारच्या दोन शेळ्यांना घातला आहे.

महोदय, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 37 मध्ये शेतजमीन आणि घरे यांच्या वाटपात 5 टक्के आरक्षण सांगितले असून त्यात दिव्यांग महिलांना प्राधान्य द्यायचे आहे. कायदा आम्हाला जमीन द्या म्हणतो आणि आपली योजना आमच्याकडेच जमीन मागते. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यात 29 लाख 63 हजारांहून अधिक दिव्यांग आहेत. त्यांतल्या किती बायकांच्या नावावर सातबारा असेल, हे आपण एकदा गावागावांतून मोजून घ्यावे. मेळावे भरतात, तीनचाकी सायकली वाटल्या जातात, फोटो निघतात. पण दिव्यांग माणूस काही पिकवेल आणि विकेल, हे या व्यवस्थेतल्या कोणाच्याही मनात येत नाही. आम्ही फक्त घेणारे हात आहोत असेच धरून प्रत्येक अर्ज छापला जातो, आणि त्रुटी काढणारा माणूस आमच्या दारापर्यंत कधी येत नाही.

सातबाऱ्याची अट काढा. तिच्या जागी घराचा नमुना 8 (ग्रामपंचायतीचा कर आकारणी उतारा), भाडेकरार किंवा ग्रामपंचायतीचा दाखला चालू द्या, आणि माझा प्रस्ताव पुन्हा तपासण्याचा लेखी आदेश द्या. अंगणात दहा फूट बाय बारा फूट जागा मी झाडून ठेवली आहे.

आपली नम्र,
किल्लारी-सास्तूर पट्ट्यातील एक दिव्यांग शेतकरी